हजारपट मोठा कान

सराफाच्या पेढीवर पूर्वी सोनं गुंजांनी तोलत. लाल अंगाची, काळ्या डोळ्याची ती बी. एक गुंज म्हणजे साधारण १२० मिलिग्रॅम, आणि अशा ९६ गुंजा झाल्या की जुना तोळा भरायचा. आता त्याच तराजूत आपल्या कानातली तीन हाडं ठेवू. पडद्याच्या आड एकमेकांना धरून उभी असलेली हातोडी, ऐरण आणि रिकीब. हातोडी सुमारे २५ मिलिग्रॅम, ऐरण सुमारे २७ आणि रिकीब अवघी ३. तिन्ही मिळून अर्धी गुंजही भरत नाही. एकट्या रिकिबीच तोलायच्या ठरवल्या, तर जुन्या एका तोळ्यात जवळजवळ ३,९०० रिकिबी बसतील.

गुंज पाहिलेली नसेल तर तांदूळ घ्या. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच जिल्ह्यातल्या कटंगीच्या आसपास त्याची कुणाला ओळख करून द्यावी लागत नाही. तांदळाचा एक दाणा साधारण १५ ते २० मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे एका दाण्याच्या वजनात पाच-सहा रिकिबी. उंचीला ती जेमतेम ३ मिलिमीटर, दाण्याहूनही बुटकी. माणसाच्या शरीरातलं हे सर्वांत लहान हाड, आणि डॉक्टर त्याच्यावर शस्त्रक्रिया करतात. नुसती करत नाहीत, अलीकडे ती कानाच्या भोकातूनच, मागे चिरा न देता, दुर्बिणीने करतात.

हे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो, कारण मिलिमीटर मनात मावत नाही. म्हणून एक करून पाहू. कान हजारपट मोठा करू आणि कटंगीबाहेर, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मांडू. हिशेब सोपा आहे. मिलिमीटर खोडायचं आणि मीटर लिहायचं.

बांधीतला बोगदा

समोर एक बोगदा दिसतो, २५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद. हा कानाचा मार्ग. तो सरळ नाही, मध्येच वळतो आणि किंचित आवळतो. त्याच्या टोकाशी तिरका उभा आहे पडदा, १० मीटर उंच आणि त्याहून थोडा कमी रुंद. एवढ्या मोठ्या पडद्याची जाडी फक्त १० सेंटिमीटर, कारण खऱ्या कानात तो कागदाइतका, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा पातळ असतो.

पडद्यामागे एक खोली आहे. तिलाच मध्यकर्ण म्हणायचं. उंची १५ मीटर, म्हणजे पाच मजली इमारतीएवढी. लांबीही तेवढीच. रुंदी मात्र वर ६ मीटर, खाली ४ आणि कमरेशी अवघी २ मीटर. तिथे उभं राहून हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं जवळजवळ टेकतील. या अरुंद खोलीत हातोडी आणि ऐरण छताजवळ टांगलेली आहेत. ३ मीटर उंचीची रिकीब एका कोनाड्यात आडवी बसली आहे, आणि तिचा तळवा पलीकडच्या भिंतीतल्या खिडकीवर चपखल टेकला आहे. खिडकीच्या पलीकडे पाणी आहे, शंखासारखा अंतर्कर्ण, आणि त्यात सुमारे १५ हजार संवेदनपेशी. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

रिकिबीच्या अगदी वरून मीटरभर जाडीचा एक नळ जातो आणि मागच्या भिंतीत खाली वळतो. ती चेहऱ्याची नस. तिच्यात सात ते दहा हजार तंतू असतात. हसणं, डोळा मिटणं, पाणी पिताना ओठ आवळणं, सगळं त्यांच्यावर चालतं. नसेभोवती हाडाचं कवच असतं, पण काही जणांत ते जन्मापासूनच अपुरं असतं. खोलीच्या मधून, हातोडी आणि ऐरणीच्या फटीतून, अर्ध्या मीटरचा एक दोर गेला आहे. तो जिभेच्या पुढच्या भागाला चव पुरवतो.

आता शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाही त्याच मापाने वाढवू. १.७ मीटर उंचीचा माणूस होतो १,७०० मीटरचा. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. कळसूबाईहून उंच असा माणूस बांधीवर वाकला आहे. त्याचं एक बोट १५ मीटर जाड, म्हणजे ७ मीटरच्या बोगद्यात ते शिरणारच नाही. त्याच्या हातातलं हत्यार १६० मीटर लांब, आणि त्याचं टोक मीटरभराचं. त्या टोकाने त्याला २ मीटर रुंदीच्या जागेत, चेहऱ्याच्या नसेला धक्का न लावता, रिकिबीच्या पायापाशी काम करायचं आहे. निरोगी हाताला नैसर्गिक कंप असतोच. तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा धरला, तर इथे टोक सतत १० सेंटिमीटर मागेपुढे हलतं आहे.

पडदा हलतो तरी किती

एवढी बारीक यंत्रणा निसर्गाने कशासाठी घडवली? आवाज हवेतून येतो आणि ऐकायचं असतं पाण्यात. हवेतला आवाज थेट पाण्यावर आदळला तर त्याची ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते, हजारातला एकच भाग आत जातो. ही गळती मध्यकर्ण भरून काढतो. पडद्याचा कंप पावणारा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटर आणि रिकिबीचा तळवा ३.२ चौरस मिलिमीटर. मोठ्या पृष्ठावरचा दाब छोट्यावर एकवटला की तो १७ पट होतो. हाडांच्या तरफेमुळे त्यात आणखी १.३ पटीची भर पडते. १७ गुणिले १.३ म्हणजे २२ पट दाब, तोही अर्ध्या गुंजेच्या सामग्रीवर.

या यंत्राचा पल्ला पाहा. माणसाला ऐकू येणारा सर्वांत मंद आवाज आणि कान दुखवणारा १२० डेसिबलचा आवाज यांच्या तीव्रतेत एक लाख कोटी पटींचं अंतर आहे. सर्वांत मंद आवाजाला पडदा हलतो तो हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाच्या साधारण दहाव्या भागाएवढा. आपण बांधीत मांडलेला दहा मीटरचा पडदा आठवा. हजारपट मोठा करूनही त्याची ती हालचाल भरते १० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा सात हजारावा भाग. डोळ्याला काहीच दिसणार नाही. आणि तेवढ्याशा हालचालीवर झोपलेली आई तान्ह्याची चुळबुळ ऐकून जागी होते.

विवराच्या काठावरून

आपल्याकडे कान फुटणं हा आजार मानायची रीत नाही. “पोराचा कान फुटला हाये, मोठा झाला का बंद होऊन जाईन,” असं आजी म्हणते आणि लसूण घालून कोमट केलेलं तेल सोडते. सर्दीतून घशाकडची नळी तुंबते, मध्यकर्णात पू होतो, पडद्याला भोक पडतं आणि कान वाहू लागतो. भोक बरेचदा भरून येतं. पण राहिलं, तर प्रत्येक अंघोळीला, प्रत्येक तळ्यातल्या डुबकीला पाणी आत जातं आणि कान पुन्हा वाहतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे कोलेस्टिटोमा. ती गाठ कर्करोगाची नसते. पडद्याची कातडी आत ओढली जाते, जिथे कातडी असायला नको तिथे वाढते, तिचे मेलेले पापुद्रे साठत जातात आणि ते भोवतालचं हाड कुरतडतात. कान थोडाच वाहतो, पण घाण वास येतो. आधी ऐरणीचा बारीक पाय झिजतो. उपचार झाले नाहीत, तर रोग चेहऱ्याच्या नसेपर्यंत, अंतर्कर्णापर्यंत, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत जातो.

हा रोग मुळासकट काढावा लागतो, आणि अडचण दिसण्याची आहे. चेहऱ्याच्या नसेच्या आड, मागच्या भिंतीत एक खोल कपार आहे. कोलेस्टिटोमाला लपायला ती आवडती जागा. तिथे कणभर कातडी राहिली तरी काही महिन्यांत, वर्षांत रोग पुन्हा उभा राहतो.

डोळ्याला मदत म्हणून १९२१ मध्ये स्वीडनचे कार्ल ओलॉफ नायलेन यांनी कानाच्या शस्त्रक्रियेत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक वापरला. १९५३ मध्ये झाइस कंपनीचा शस्त्रक्रियेसाठीचा सूक्ष्मदर्शक आला आणि कानाची शस्त्रक्रियाच बदलून गेली. आज जगभर लाखो लोक ऐकतात ते त्याच्यामुळे. पण सूक्ष्मदर्शकाचं भिंग कानापासून २५ सेंटिमीटरवर असतं. आपल्या बांधीच्या मापात ते २५० मीटर दूर उभं आहे आणि वळणाच्या बोगद्यातून आतल्या खोलीत पाहतं आहे. प्रकाश सरळ जातो, नजर सरळ जाते. समोरची भिंत लखलखीत दिसते, कोपऱ्यामागचं काहीच दिसत नाही. मग वाट मोठी करावी लागते. कानामागे चिरा द्यायचा, हाड ड्रिलने कोरायचं आणि बाजूने शिरायचं. पुष्कळदा निरोगी हाड कोरावं लागतं, ते केवळ आत दिसावं म्हणून.

बालाघाटच्या माणसाला हे समजावायला खाणीइतकं चांगलं उदाहरण नाही. भरवेलीच्या भूमिगत मँगनीज खाणीत वरून कितीही मोठा दिवा सोडला तरी उभ्या विवराचा तळच उजळेल. आडव्या गॅलरीत काय आहे ते पाहायचं तर टोपीवर दिवा लावून खाली उतरावं लागतं आणि वळणावर मान वळवावी लागते. एंडोस्कोप, म्हणजे शस्त्रक्रियेची दुर्बीण, तेच करतो. डोळा आणि दिवा दोन्ही खाली उतरतात.

काचेची काडी

ही दुर्बीण म्हणजे ३ किंवा ४ मिलिमीटर जाडीची, सुमारे १४ ते १८ सेंटिमीटर लांबीची पोलादी काडी. तिच्या पोटात काचेच्या दांड्या आहेत. ती करामत ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स यांची, १९५९ ची. आधीच्या नळ्यांत हवा जास्त आणि भिंगं लहान, त्यामुळे चित्र अंधुक यायचं. हॉपकिन्सनी मांडणी उलटी केली. नळी काचेच्या दांड्यांनी भरली आणि मधल्या हवेच्या फटींना भिंगाचं काम दिलं. पुढच्या दशकात जर्मनीच्या कार्ल स्टोर्झ यांनी ती दुर्बीण बाजारात आणली. टोकापर्यंत प्रकाश नेतात ते काचेचे केसासारखे तंतू. याच हॉपकिन्सबरोबर लंडनमध्ये काम करणारे पंजाबचे नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं होतं.

दुर्बिणीचं टोक सरळ असतं तसंच ३०, ४५ किंवा ७० अंशांत तिरकंही असतं. तिरकं टोक म्हणजे गॅलरीच्या तोंडाशी वळवलेली मान. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पडद्याच्या भोकातून मध्यकर्णात डोकावल्याची नोंद आहे. पण नुसतं पाहणं वेगळं आणि त्याच वाटेने रोग काढणं वेगळं. दुबईत काम करणाऱ्या डॉ. मुआझ ताराबिशी यांनी १९९७ मध्ये कोलेस्टिटोमा कानाच्या भोकातूनच दुर्बिणीने काढण्याचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि पुढे इटलीतल्या मोडेना इथल्या शल्यचिकित्सकांनी ही वाट रुळवली.

फरक किती पडतो? २००२ मध्ये इजिप्तचे डॉ. मोहम्मद बद्र-अल-दीन यांनी ९२ कानांचा अभ्यास मांडला. सूक्ष्मदर्शकाखाली रोग पूर्ण काढला असं वाटल्यावर त्यांनी आत दुर्बीण घातली. कानाच्या मार्गाची मागची भिंत राखून केलेल्या शस्त्रक्रियांत जवळजवळ २३ टक्के कानांत रोग शिल्लक सापडला. कुशल हातांनी, उत्तम भिंगाखाली काम झाल्यावरही शंभरातले तेवीस. दोष हातांचा नव्हता. नजर पोचत नव्हती.

एक थेंब, एक हात

आता दुर्बीण आपल्या बोगद्यात घालू. ती ३ मीटर जाड आणि १४० मीटर लांब. ७ मीटरच्या वाटेत तिच्या बाजूला उरतात ४ मीटर, आणि त्यातूनच हत्यार जाणार. डॉक्टर मार्गाच्या कातडीला छोटा छेद देतात आणि ती पडद्यासकट अलगद मागे सारतात, जशी पुस्तकाची पानं उलटावीत. मागची खोली उघडी पडते. समोरच्या टीव्हीवर रिकिबीचे दोन पाय दिसतात, चवीचा पांढरा दोर दिसतो. फोर-के पडद्यावर हे चित्र ८३ लाख ठिपक्यांचं असतं. तांदळाच्या दाण्याहून लहान हाड फूटभर उंच होऊन समोर उभं राहतं.

तेवढ्यात रक्ताचा एक थेंब येतो. थेंब म्हणजे सुमारे ०.०५ मिलिलिटर. लांबी हजारपट केली की आकारमान १०० कोटी पट होतं, म्हणून आपल्या खोलीत हा थेंब ५० हजार लिटर भरतो. दहा हजार लिटरचे पाच टँकर, सगळे एकदम, दोन मीटर रुंदीच्या खोलीत. भिंग बुडतं, पडदा लाल होतो. दुर्बीण बाहेर काढायची, पुसायची, पुन्हा आत. दिव्याची उष्णता साचू नये म्हणून प्रकाश मंद ठेवायचा आणि टोक मधूनमधून बाहेर काढून थंड होऊ द्यायचं. चित्र सपाट असतं, दोन डोळ्यांनी मिळणारी खोली त्यात नसते. ती सवयीने ओळखावी लागते.

सर्वांत मोठी अडचण हाताची. डावा हात दुर्बिणीत अडकतो. सूक्ष्मदर्शकाखाली डावा हात रक्त ओढतो आणि उजवा काम करतो. इथे एकाच हाताने आलटून पालटून दोन्ही करायचं. या अडचणीवर महाराष्ट्रातच काम झालं. पुण्याजवळच्या तळेगाव दाभाडे इथले डॉ. मुबारक खान आणि डॉ. सपना परब यांनी दुर्बीण पकडून धरणारा स्टँड तयार केला आणि २०१५ मध्ये त्याची रचना शास्त्रीय नियतकालिकात मांडली. पुढच्याच वर्षी तो वापरून दोन्ही हातांनी कूर्चेचा पडदा बसवण्याची पद्धत त्यांनी प्रसिद्ध केली. ही कूर्चा रुग्णाच्याच कानाच्या तोंडाशी असलेल्या उंचवट्यातून घेतात आणि पातळ तासतात. पडदा टिकायला ती हवी तेवढी भक्कम, आणि आवाजाने हलायला हवी तेवढी हलकी. मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाची वाट न पाहता, तालुक्याच्या ठिकाणाएवढ्या गावात बसून कुणी कानाच्या शस्त्रक्रियेला दुसरा हात मोकळा करून दिला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

दुर्बिणीने सूक्ष्मदर्शक मोडीत निघालेला नाही. रोग कानामागच्या हाडात खोल गेला की आजही ड्रिल आणि सूक्ष्मदर्शक लागतोच. पुष्कळ डॉक्टर एकाच शस्त्रक्रियेत दोन्ही वापरतात. पण रोग खोलीतच असेल, तर चिरा न देता, निरोगी हाड शक्य तेवढं राखून तो काढता येतो.

पंधरा किलोमीटर आणि दोन मिलिमीटर

कटंगीच्या माणसांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक आहे. बालाघाटकडून रूळ कटंगीपर्यंत होते, तुमसरकडून तिरोडीपर्यंत होते. मध्ये सुमारे १५ किलोमीटरची जागा कोरी होती. दोन्हीकडे स्टेशनं, दोन्हीकडे गाड्या, पण इकडची गाडी तिकडे जात नव्हती. काही वर्षांपूर्वी तो तुकडा जोडला गेला.

कानात असंच होतं. ऐरणीचा बारीक पाय झिजला की तिच्यात आणि रिकिबीत एक-दोन मिलिमीटरची फट पडते. पडदा शाबूत, हातोडी शाबूत, आतल्या पंधरा हजार पेशी शाबूत, तरी आवाज पोचत नाही. साखळी तुटली आणि पडदा मात्र अखंड असेल, तर ६० डेसिबलपर्यंत ऐकणं कमी होऊ शकतं. म्हणजे आवाजाच्या दहा लाख भागांतला एकच भाग आत जातो. ती फट डॉक्टर रुग्णाच्याच ऐरणीचा तुकडा घासून, कूर्चेने, नाहीतर काही मिलिग्रॅमच्या टायटॅनियमच्या सांध्याने भरतात. दोन मिलिमीटर जोडले की घरातलं बोलणं पुन्हा ऐकू येतं.

आता हे किती जणांसाठी आहे ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना उपचार किंवा साधनांची गरज भासेल एवढा बहिरेपणा आहे. भारतात ही संख्या ६.३ कोटी धरली जाते. वाहत्या कानांविषयी संघटनेने २००४ मध्ये मांडलेला अंदाज होता ६.५ कोटी ते ३३ कोटी माणसं, त्यांतल्या ६० टक्क्यांना लक्षणीय बहिरेपणा, आणि वर्षाला २८ हजार मृत्यू. सर्वाधिक प्रमाणाच्या गटात, म्हणजे शंभरात चारांहून अधिक लोकांचा कान वाहतो अशा गटात, भारत होता. पन्नास मुलांच्या वर्गात दोन मुलं. गुरुजी त्यांना “लक्ष नाही” म्हणतात, आणि ती मागच्या बाकावर जातात, जिथे आणखी कमी ऐकू येतं.

देशात बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून चालू आहे. २०१८ मध्ये आलेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार मिळतो आणि पडद्याची शस्त्रक्रिया तिच्या यादीत आहे. कटंगीची माणसं मोठ्या आजाराला नागपूर गाठतात, मेडिकल नाहीतर मेयो या सरकारी रुग्णालयांत जातात. शेतीचा हंगाम सोडून, सोबतीला एक माणूस घेऊन. कानासाठी मात्र कुणी सहसा निघत नाही, कारण कान दुखत नाही, नुसता वाहतो.

म्हणून आकडे बाजूला ठेवून चार गोष्टी सांगतो. फुटक्या कानात तेल घालू नका. अंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस कानात ठेवा आणि नंतर काढून टाका. काडी, केसाची पिन, मोटारसायकलची किल्ली आत घालू नका. आणि कान वाहत असेल, विशेषतः वास येत असेल, तर एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून आत दुर्बीण घालून पाहून घ्या. ते पाहायला दोन मिनिटं लागतात.

बांधीतला कान आता पुन्हा हजारपट लहान करू. तो तुमच्या पोराच्या डोक्याच्या बाजूला आहे, आणि त्याच्यात अर्ध्या गुंजेहून कमी वजनाची तीन हाडं आहेत. सोन्याची अर्धी गुंज हरवली तर आपण अख्खं अंगण झाडून काढतो.